लाल शाईतल्या बेचाळीसजणी

—घरच्या बाईचं नाव परक्या पुरुषाच्या कानावर घालायचं नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही — हे मला सहाव्या वर्षीच सांगितलंय, बन्सीधरकाका, तुमी नव्यानं सांगू नका. तुमी पटवारी, मतदारयादी दुरुस्त करायला आलात, तर नावं विचारा. आप्पांकडं काय बघायलात? ते शाळेत पोरांकडून घोकून घेतात — एकवीस पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. प्रत्येकाला. मग आमच्या आईला का नाही? दाराआड उभी आहे ती, ऐकायली सगळं.

बसा हो. पिंगळीच्या गाडीला अजून दोन तास आहेत. आज यादी परभणीला पोचली नाही तर बेचाळीस बायका गेल्या, पहिलीच निवडणूक आणि — हो, बेचाळीसच, मोजल्यात मी. हे बघा, ‘मार्तंड मास्तरांची पत्नी’ — लाल शाई. ‘महारुद्रची आई’ — लाल शाई. नाव नाही म्हणून कचेरीनं खोडलं, त्यांचं काय चुकलं? कोणत्या गाढवानं असं लिहिलं म्हणता? अक्षर ओळखलं नाही तुमी? — मीच. हैदराबादेहून शिकून आलेली, वळणदार अक्षर. फेब्रुवारीत खानेसुमारी झाली, घरोघरची माणसं मोजली, तेव्हापासून जो तो म्हणायचा, यादी लिहायला मास्तरांच्या पोरीला द्या. बायका दाराआडून सांगतील ते उतरवत गेले. लय मिरवलं. स्वतःचं मात्र नीट लिहिलं — मैथिली मार्तंड, वय बावीस. ते बघा. खोडलेलं नाही.

आणि मार्चात दिल्लीला आशियाई खेळ झाले, आपल्या पोरी पळाल्या, पदक आणलं — तेव्हा पेपरातली त्यांची नावं आप्पांनीच वाचून दाखवली, इथंच, ओसरीवर, चार माणसांत. दिल्लीत पळालेल्या पोरींची चालतात.

नाही आप्पा, मी आत जाणार नाही. लग्नात तुमी ताटातल्या तांदळात बोटानं आईचं नाव लिहिलं ना, सगळ्या वऱ्हाडासमोर? तांदळात चालतं, कागदावर नाही? काका, तुमी लिहीत नसाल तर टाक इकडं द्या. सोडा. — सुमंगला मार्तंड. वय चाळीस. झालं. आभाळ कोसळलं का?

आता पुढची. बायनाबाई — ही विहिरीवर भेटते. तानुबाई. मग ही... महारुद्रची आई. तिच्या अंगणात लहानाची मोठी झाले मी, तिचं नाव — थांबा, आठवतंय. नाही. आप्पा, काय हो तिचं नाव? बरं, राहू द्या. आपल्या धाकट्या काकूचं? तुमच्या सख्ख्या भावाची बायको, तुमीच लग्न लावून दिलंत. काका, तुमच्या भावजयीचं तरी? वीस वर्षं तिच्या हातचं जेवायलात.

सांगा की. मी लिहायला बसलेय. एकोणचाळीस राहिल्यात अजून — की तुमाला दोघांनाही ठाऊक नाहीत?