बॅटरीत किती उरलंय ते सांगणारा डबा

…आणि पहिला प्रश्न काय, तर स्क्रीन केवढी आहे! अहो, स्क्रीन केवढी हा काय प्रश्न झाला? डॉक्टर निवडताना तुम्ही दवाखान्याच्या पाटीची रुंदी मोजता का? पण नाही, आमच्या घरात तीन महिने हीच चर्चा, तीन महिने! एवढ्या वेळात माणसं लग्न ठरवून मोकळी होतात, काही तर मोडूनही मोकळी होतात, आणि आम्ही अजून आपले…

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगं नुसतंच भडकलंय. भडकलोच आहे. पण कारणासकट भडकलोय.

तर आमचे बाबा. चौतीस वर्षं एकाच ऑफिसात, एकाच खुर्चीत बसले, रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात एक जुनी व्हॅन घेऊन दारात उभे. आत पलंग, छोटं बेसिन, छोटा फ्रिज, छतावर चार सोलर पॅनल. चाकांवरचं घर! आता हे हौसेपायी केलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, त्यांच्या वयाची माणसं हौसेपायी याहून भयंकर गोष्टी करतात, गाणं शिकतात. पण हे होतं आईसाठी. आईची मोठी बहीण, माझी मावशी, पाच दिवसांच्या वाटेवर राहते, अंथरुणाला खिळलीये, आणि आईने तिला नऊ वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आईची पाठ अशी की दोन तास बसली की तासभर आडवं व्हायलाच लागतं, आणि वर तिची इन्सुलिनची इंजेक्शनं, त्यांचा साठा थंडच राहायला हवा, उन्हात तापला की संपलं, पाणी टोचून घेतल्यासारखं. म्हणजे पलंग हवा, फ्रिज हवा, आणि तो फ्रिज अखंड चालवायला छतावरचं ऊन हवं. म्हणून व्हॅन. चांगली कल्पना होती! बाबांची बहुधा पहिलीच.

आता ऊन पॅनलवर पडतं, त्याची वीज बॅटरीत जाते, बॅटरीतून फ्रिजला जाते. किती आली, किती गेली, किती उरली, हे कुणीतरी सांगायला नको? त्यासाठी एक यंत्र असतं. सगळ्या वस्तूंकडून खबर गोळा करणारा मधला डबा. घरात कसं, एक माणूस असं असतं ज्याला कोण जेवलंय, कोण उपाशी आहे, कोण रुसलंय हे सगळं माहीत असतं, तसा. मी म्हटलं, बाबा, हे मी निवडतो. मी गॅरेजमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्यांचं वायरिंगच करतो, दुसरं काही येतच नाही मला. यावर बाबा काय म्हणाले असतील? म्हणाले, "आपण जाणकारांना विचारू." कारण मी कोण? कॉलेज सोडलेला!

आणि जाणकार कोण? एक आमचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, ज्यांनी आयुष्यात एकदा इस्त्री दुरुस्त केली आणि त्यानंतर तिला हात लावला की झटका बसतो. आणि दुसरे शेजारचे साहेब. कसले साहेब? कुणालाच माहीत नाही! आवाज मोठा आहे म्हणून साहेब. हे दोघं आमच्या हॉलमध्ये पाय पसरून बसणार आणि मी उभा. उभा का, तर तिसरी खुर्ची बाबांची.

साहेब म्हणाले, "स्क्रीन मोठी घ्या. निदान पुस्तकाएवढी. माणूस आत आला की पहिली नजर तिथं गेली पाहिजे." काका म्हणाले, "स्क्रीन हवीच कशाला, दादा? आता बिनस्क्रीनचे डबे मिळतात, सगळं फोनवर दिसतं." आता आमच्या बाबांचा फोन! फोनची बॅटरी उतरू नये म्हणून बाबा फोन बंद करून खिशात ठेवतात! कुणाला फोन करायचा झाला की चालू करतात, बोलतात, पुन्हा बंद. त्या फोनवर दिसणार होतं सगळं!

मी म्हटलं, काका, साहेब, जरा ऐका. स्क्रीन महत्त्वाची नाही. बॅटरीच्या काळ्या वायरवर एक पितळी पट्टी बसवतात, शंट म्हणतात तिला, आत येणारी, बाहेर जाणारी सगळी वीज तिच्यातून जाते, खरं मोजणारी ती! स्क्रीन नुसती वाचून दाखवते. आणि दुसरं म्हणजे, हे यंत्र आपल्या बाकीच्या वस्तूंशी बोललं पाहिजे. तर साहेब हसायला लागले. "बोललं पाहिजे? यंत्र बोलतं होय रे? कॉलेजात हेच शिकवत होते म्हणून सोडलंस का?" आणि काका खो खो, आणि बाबा, माझे स्वतःचे बाबा, तेही! हसायला काय जातं? पॅनलचा कंट्रोलर घेतला काकांच्या ओळखीतून, एका कंपनीचा. इन्व्हर्टर साहेबांच्या मेहुण्याच्या दुकानातून, दुसऱ्या कंपनीचा. बॅटरी बाबांनी स्वतः आणली, तिसऱ्याच कंपनीची, का, तर रंग पडद्यांना जुळत होता! आणि या तीन कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. तारेने जोडा, बिनतारी जोडा, पाया पडा, नाही म्हणजे नाही. काका आणि बाबा वर्षभर जमिनीवरून भांडत होते तेव्हासुद्धा निदान आईमार्फत निरोप द्यायचे हो!

पण मी कोण? कॉलेज सोडलेला!

मग आम्ही दुकानात गेलो. चौघं गेलो. दुकानदार बिचारा भला माणूस, त्याने विचारलं, "तुमचा रोजचा वापर किती आहे?" आता बघा, कुणीतरी पहिल्यांदा शहाण्यासारखा प्रश्न विचारला, माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मी म्हटलं, फ्रिज इतका, दिवे इतके, पंखा इतका… तर बाबांनी मला कोपराने बाजूला सारलं आणि म्हणाले, "आमचा वापर अगदी साधा आहे हो. आम्ही काटकसरी माणसं." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानदाराकडे पाहिलं. त्या एका नजरेत दोन पिढ्यांचं दुःख होतं, कारण त्याच्या मागच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते.

असे चार शनिवार. तीन दुकानं. शेवटी मी एक दिवस ओरडलोच. म्हटलं, ही शंट आणि ही लहान स्क्रीन, बाकी सगळं मरू दे, बाकीची यंत्रं बोलू देत नाहीतर न बोलू देत, निदान बॅटरीत किती उरलंय हा एक खरा आकडा मिळेल, आईला एवढंच लागतं! आणि काय आश्चर्य, बाबा म्हणाले, "बरं." मला वाटलं पटलं. कसलं पटतंय? साहेबांची दुपारच्या झोपेची वेळ झाली होती.

मी यंत्र बसवलं. स्वतः बसवलं, दोन रात्री गॅरेजचं काम संपवून बसवलं, एक वायर इकडची तिकडे नाही. आणि मग काय सांगू, घरात आनंदीआनंद! बाबा रोज सकाळी व्हॅनमध्ये जायचे आणि अंगणातून ओरडायचे, "शंभर!" साहेब त्यांच्या गॅलरीतून, "किती?" बाबा, "शंभर टक्के, साहेब!" ऊन यायच्या आधी! आठवडाभर आभाळ भरलेलं, पॅनलवर सूर्याचा थेंब नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या शंभर! मी सातला घराबाहेर पडणारा, धावत जाता जाता म्हटलं, बाबा, ऊन नाही तर शंभर कुठून आले? तर म्हणाले, "आहे त्यात भागवलं की पुरतं. तुझ्या पिढीला कळायचं नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. मी कोण?… जाऊ द्या.

मग सराव म्हणून दोन दिवसांची छोटी सहल ठरली, तळ्यापर्यंत. मावशीकडे जायच्या आधी एकदा बघून घेऊ म्हणून. आई, बाबा, आणि तज्ज्ञ म्हणून काका. मला जागा नव्हती. आईने इंजेक्शनांचा अख्खा डबा फ्रिजमध्ये ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बसवलंयस ना? मग मला काळजी नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, मला तर ते विसरताच येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका ट्रकखाली झोपून वायर ओढतोय आणि फोन वाजला. काका. "अरे, तुझं यंत्र शंभर दाखवतंय आणि फ्रिज बंद पडलाय." मी म्हटलं, काय? "फ्रिज रे, फ्रिज! गार नाही लागत. आत हात घातला तर उबदार आहे, छान." छान! मी म्हटलं, काका, इंजेक्शनं? "तीही उबदार." मी म्हटलं, बाबांना द्या. बाबा आले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काय केलंत? "मी? मी काही केलं नाही. मी उलट रोज झोपायच्या आधी त्याचं बटण बंद करतो."

कसलं बटण?

"त्या यंत्राचं. स्क्रीनवर दिवा जळत राहतो ना. आपण झोपल्यावर कोण बघतंय? उगाच वीज खातं."

तुम्हाला कळलं का काय झालं? ते यंत्र मोजतं. आली किती, गेली किती, एकेक मोजत बसतं. त्याला बंद केलं की त्याची मोजणी पुसली जाते, आणि सकाळी चालू केलं की त्याला वाटतं बॅटरी भरलेलीच असणार, आणि ते दाखवतं शंभर! म्हणजे आमच्या घरात वीज वाचवण्यासाठी वीज मोजणाऱ्या यंत्राचा गळा दाबत होते, रोज, नेमाने, आणि सकाळी ते बिचारं शुद्धीवर येऊन पहिल्यापासून शंभर म्हणायचं, आणि हे अंगणात नाचायचे, आणि बॅटरी मात्र आतून रिकामी होत चाललेली!

आणि ऐका, हे सेटिंग बदलता येतं. एक बटण दाबायचं, मग ते यंत्र उठल्यावर शंभर म्हणत नाही. मी नाही बदललं. का नाही बदललं? कारण ते कुणी बंद करेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही! ज्या माणसाने चौतीस वर्षं ऑफिसात सगळ्यांच्या मागे थांबून एकेक दिवा बंद केला, पाहुणे बाथरूममध्ये असताना बाथरूमचा दिवा बंद केला, त्या माणसाच्या पोटी जन्मून माझ्या डोक्यात आलं नाही! मग साहेब माझ्या अकलेला हसतात त्यात काय चूक आहे?

आई परत आली. इंजेक्शनांचा डबा तिने स्वतः कचऱ्यात टाकला, आणि म्हणाली, "राहू दे. ताईला फोनवरच बघेन." बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग पुन्हा बैठक. साहेबांनी निकाल दिला, "यंत्रच खोटं." काका म्हणाले, "मी आधीच म्हणालो होतो, फोनवालं घ्या." बाबांनी स्क्रीन उखडली, चरा पडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आतून आली. आईला या तीन महिन्यांत एकानेही, मलासुद्धा धरून एकानेही, काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, मला तुमचा कुठलाच डबा नको. हा बसेल बॅटरीपाशी. हा सांगेल ते मी ऐकेन. हा येणार असेल तरच मी जाते."

झालं. निवड झाली. तीन महिने मधलं यंत्र शोधत होतो, शेवटी पसंत पडलो मी. गॅरेजमधून बिनपगारी रजा घेतली, शंट अजून जागेवर आहे, तिचे आकडे माझ्या फोनवर येतात, आणि मी मागे बॅटरीशेजारी पाटावर बसून दर तासाला आकडा ओरडायचा. नवी इंजेक्शनं फ्रिजमध्ये. आज तिसरा दिवस. आई पलंगावर आडवी, अधूनमधून मावशीच्या लहानपणच्या गोष्टी सांगते, मलाच सांगते, म्हणजे आकड्यांच्या मधे मधे. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की!

हो ना. पण पहिल्या दिवशी बाबांनी पुढून विचारलं, "किती रे?" मी म्हटलं, बासष्ट. तर बाबा शेजारी बसलेल्या काकांना म्हणाले, "अठ्ठावन्न धर. हा चार वाढवून सांगतो." आणि बाबांचा नियम आहे, साठाच्या खाली गेलं की बॅटरीला विश्रांती, फ्रिज बंद! गाडी थांबवून आलेसुद्धा, हात बटणावर! मी म्हटलं, बाबा, खरंच बासष्ट आहे, आणि चाळीसपर्यंत काही होत नाही, फोन बघा! त्यांनी फोन बघितला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "फोनही तुझाच ना."

तेव्हापासून काय करणार? बासष्ट असले की मी सहासष्ट सांगतो. ते चार वजा करतात, खरा आकडा येतो, फ्रिज चालू राहतो, आई गोष्ट पुढे सांगते. दोन दिवस सुरळीत चाललंय.

फक्त आज सकाळी काका बाबांच्या कानाशी लागले, "दादा, पोरगं जरा जास्तच फेकतंय, तू सहा धर."

आता अडुसष्ट सांगायला सुरुवात केलीये.