शेवटचा फॉर्म

(बुधवार पेठ, २००६. मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. टेबलावर उघडलेले हँडसेट. मालक आप्पासाहेब, कामाला असलेला संभाजी, आणि सुटलेल्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची आम्रपाली.)

आम्रपाली : चौऱ्याऐंशी माणसं तुरुंगातून सुटली, कोण कुठल्या गटात ते ठरवायला चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या काढल्या. बेचाळीस चिठ्ठ्या ‘भेट’च्या, म्हणजे सुटल्या दिवशी आमचा माणूस गेटवर हजर. बेचाळीस ‘पत्रक’च्या, म्हणजे हातात नुसता पत्त्यांचा कागद. वर्षानंतरचे त्र्याऐंशी फॉर्म आले. तुमचा राहिलाय, संभाजी.

संभाजी : लिहा की, ताई. काम हाय. पोलिसांचं बोलावणं न्हाई.

आप्पासाहेब : काम आहे असं ऐकतो. दिसलं तर बरं होईल.

संभाजी : करतोय, मालक. ताई, मला ‘भेट’मध्ये लिहिलंत न्हवं?

आम्रपाली : ‘पत्रक’मध्ये. तुमची चिठ्ठी तीच निघाली होती.

संभाजी : अहो, येरवड्याच्या गेटपासून पार मांजरीच्या घरापर्यंत तुम्हीच सोडलंत मला.

आम्रपाली : मी दुसऱ्याला न्यायला आले होते. तो भावाबरोबर आधीच निघून गेला. तुम्ही विचारलंत, मांजरीची बस कुठून मिळेल. नुसतं सांगून मी थांबायला हवं होतं. चूक माझी. वहीत तारखेसकट लिहून ठेवली आहे.

संभाजी : चूक? कोपऱ्यावर जुन्या टोळीतले दोघं मोटारसायकल घेऊन थांबले हुते. नऊ वर्षांनी दिसलेली पहिली ओळखीची तोंडं. तुम्ही चालायला लागलात म्हणून तुमच्या मागनं आलो. न्हाईतर त्यांच्या मोटारसायकलवर बसलो असतो.

आम्रपाली : हे कधी बोलला नाहीत.

संभाजी : फॉर्मात तसा प्रश्नच न्हाई.

आप्पासाहेब : एम.एस्सी. झालेल्यांनी फॉर्म केलाय. एवढं राहायचंच.

आम्रपाली : पुढच्या फॉर्ममध्ये घालते. आणि त्या दिवशी मागून आलात, म्हणून मी तुमची आभारी आहे.

संभाजी : माझं वाक्य तुम्हीच बोललात. मग मला ‘भेट’मध्ये घ्या ना. सोमवारी तुरुंग खात्याचे मोठे साहेब आकडे बघणार. फरक दिसला न्हाई तर गेटवरची माणसं बंद, असं तुम्हीच म्हणालात. पुढच्या महिन्यात बद्रीनाथ सुटतोय. बराकीत माझ्या शेजारी झोपायचा, मला लिहायला त्यानं शिकवलं. चौदा वर्षं आत हाय. मोबाइल कधी हातात धरला न्हाई.

आम्रपाली : त्याला घ्यायला तुम्ही जाऊ शकता.

संभाजी : जाणारच हाय. पण त्याच्याबरोबर अजून सात जण सुटत्यात. मी एकटा कुणाकुणाबरोबर चालू?

आम्रपाली : आज तुम्हाला हलवलं, तर उद्या आणखी कुणाला हलवावंसं वाटेल. मग तो आकडा मलाच खरा वाटणार नाही. चिठ्ठी जिथं पडली, तिथंच मोजायचं.

संभाजी : म्हणजे तुम्ही मदत केली, आन् ती तुमच्याच विरुद्ध मोजायची.

आम्रपाली : हो.

संभाजी : आन् आकडा कमी पडला तर?

आम्रपाली : माहीत नाही. बेरीज अजून केलेली नाही. तुमचा फॉर्म आल्याशिवाय करायची नाही, असं ठरलंय.

आप्पासाहेब : मुलगी बरोबर बोलते. काट्याला बोट लावलं की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. संभाजी, तुझा बद्रीनाथ सुटला की आधी इथे आण. कोपऱ्यातलं स्टूल तसंही धूळच खातंय.

संभाजी : मालक, तुमचे उपकार...

आप्पासाहेब : पुढे गिऱ्हाईक उभं आहे. त्याच्याकडे बघ.

संभाजी : बघतो. ताई, कुठं सही करू?

आम्रपाली : इथे. ‘पत्रक’च्या खाली.

(सोमवार, संध्याकाळ. तेच दुकान.)

संभाजी : बसा. आधी आकडा सांगा.

आम्रपाली : ‘भेट’ बेचाळीस, वर्षभरात पुन्हा अटक पाच. ‘पत्रक’ बेचाळीस, पुन्हा अटक चौदा.

संभाजी : मी?

आम्रपाली : ‘पत्रक’च्या उरलेल्या अठ्ठाविसांत.

आप्पासाहेब : आणि साहेब लोक?

आम्रपाली : सह्या झाल्या. पुढच्या महिन्यात सुटणारे आठ. गेटवर जाणारे आठ.