पार्किंगवाल्यांचं पत्र, कै. क्लिफर्ड हॅलम यांस

आता वाक्य सुरू केलं तर माणसानं ते संपवावं की नाही, तुम्हीच सांगा. मी पॉलीनच्या केसांच्या दुकानात खुर्चीवर, डोक्यात चाळीस पिना, मान हलवायची सोय नाही, आणि पाठीमागे दोन बायका बोलतायत. एक म्हणते, "…अगं तोच, क्लिफर्ड हॅलम, फेब्रुवारीत गेला तो, तो अजून दर गुरुवारी समुद्रावरच्या त्या पार्किंगमध्ये येतो म्हणे, तीच निळी गाडी, तीच टोपी, आणि टोपीखाली बघावं तर…" आणि नेमकं तेव्हाच पॉलीननं माझ्या डोक्यावर गरम हवेचा तो टोप बसवला. घर्रर्र. टोपीखाली काय? नाक? कवटी? वीस मिनिटं मी त्या घरघरीत बसून काय काय कल्पना केल्या ते माझं मला ठाऊक, आणि टोप निघाला तेव्हा बायका पैसे देऊन गेलेल्या.

बरं, क्लिफर्ड हॅलम म्हणजे कुणी परका नव्हे. आमची भिंतीला भिंत. चौतीस वर्षं त्यांच्या खोकल्यावर मी सकाळचा चहा ठेवला. त्यांच्या अंत्यविधीनंतरची साठ सँडविचं माझ्या हातची. मग मला कळायला नको? नाही, तुम्हाला सांगते, मी चौकशा करणाऱ्यांतली नाही. कुणी कुठे का जाईना, मेल्यावर का जाईना, मला काय करायचंय?

पण घरी आले आणि पाहिलं… त्यांची निळी गाडी कोपऱ्यावर नेहमीच्या जागी उभी. फेब्रुवारीपासून उभीच आहे, कारण म्यूरियलबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गाडी येत नाही. बहात्तर वर्षांच्या बाई, उंचीनं माझ्या खांद्याला. तर गाडी उभी, जूनचा महिना पण नावालाच, समुद्राकडून धुकं आलेलं, अंगावर स्वेटर, आणि गाडीच्या बॉनेटवर पलीकडच्या गल्लीतलं ते पिवळं मांजर पाय पसरून झोपलेलं. आता मांजर थंड पत्र्यावर कधी पाय पसरून झोपतं का? मी हळूच हात लावून पाहिला. पत्रा गरम होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी म्यूरियलबाई दारात. हातात पाकीट. "ग्लेनिस, अगं तुमच्या रॉयला हे कायद्याचं कळतं ना? क्लिफर्डना पत्र आलंय."

रॉय म्हणजे आमचे हे. त्यांना एकदा दवाखान्याच्या पार्किंगमध्ये अकरा मिनिटं जास्त झाली म्हणून शंभर पौंडांचा दंड आला होता, तेव्हापासून रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर दंडवाल्यांविरुद्धच्या मंडळींत बसलेले असतात. पत्र पाहिल्यावर माणूस असा खुलला, जसा काही नातू झाला. मोठ्यांदा वाचायलाच लागले: "प्रिय श्री. हॅलम, आपण गुरुवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी आमच्या पार्किंगमध्ये आलात आणि दुपारी दोन वाजून तेरा मिनिटांनी गेलात. मर्यादा दोन तासांची आहे." खाली दंड. त्याखाली फोटो.

तुम्हाला सांगते, फोटो बघितला आणि मी उठून दिवा लावला. धुकं. धुक्यात निळी गाडी. नंबर त्यांचाच. काचेआड क्लिफर्डची ती चौकड्याची टोपी, आणि टोपीखाली काही नाहीच. शेजारच्या सीटवर काहीतरी पांढरं, गोल, डोक्याएवढं. आणि खाली, दिव्याच्या बाजूला, लाल डाग. रक्तासारखा.

मी म्यूरियलबाईंकडे पाहिलं. म्हटलं आता भोवळ येणार, खुर्ची सरकवली. तर बाईंनी चष्मा पुसला, फोटोवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगला आलाय."

चांगला आलाय? नवरा मरून चार महिने, तो गाडी घेऊन समुद्रावर जातो, पार्किंगवाले त्याला दंड लावतात, आणि चांगला आलाय?

रॉयचं लक्षच नाही. ते म्हणाले, "पहिला नियम, गाडी कोण चालवत होतं हे कधी सांगायचं नाही. मालक वेगळा, चालक वेगळा. त्यांना चालक माहीत नाही, तिथेच ते अडकतात."

"नक्की ना, रॉय? सांगायचं नाही ना?" म्यूरियलबाई.

"अजिबात नाही."

"आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर?"

"तरी नाही."

"टीव्हीतल्यासारखा निवृत्तीला आलेला इन्स्पेक्टर आला आणि त्यानं विचारलं तर?"

"अहो म्यूरियल, इन्स्पेक्टर कशाला येतोय? पण रॉय, मालक वारले एवढं लिहू ना?" मी म्हटलं.

"नाही," हे म्हणाले. "मेले म्हटलं की चालक ते नव्हते हे कळतं. म्हणजे आपण एक नाव खोडून दिलं. कशाला द्यायचं फुकट?"

असा हा माणूस. मेलेल्या माणसाच्या वतीनं त्यांनी तीन पानी अपील लिहिलं, त्यात 'चालक' बावीस वेळा. फलक लहान आहे, चालकाला दिसला नाही. धुकं होतं, चालकाला दिसलं नाही. मी शेजारी बसून टपालाचं तिकीट चिकटवत होते आणि ते दोनदा उलटं चिकटलं, कारण लिहिलेलं सगळंच खरं वाटत होतं; टोपीखाली डोळेच नाहीत, तर चालकाला दिसणार कसं? आणि उत्तर काय यावं? "चालकाच्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे. तथापि चालक त्यानंतरही दोन गुरुवारी आलेला आहे."

सोबत दोन फोटो. टोपी. पांढरं डोकं. लाल डाग.

मग मात्र मी रॉयना बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, बाबांनो, गाडीचे मालक फेब्रुवारीत वारलेत, दाखल्याची प्रत जोडली आहे, त्या विधवेला सोडा. तर तुमचा विश्वास बसणार नाही, पत्र आलं ते असं: "प्रिय श्री. क्लिफर्ड हॅलम (मयत), आपलं निधन झाल्याचं आपण कळवलंत, वाचून वाईट वाटलं. तथापि त्यामुळे मर्यादेत बदल होत नाही."

आपण कळवलंत. म्हणजे त्यांच्या लेखी तो आहेच. त्यांच्या यंत्रात तो दहा वाजता येतो, दोन वाजता जातो, पत्र लिहितो. मला तर रात्री भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायला लागला. रॉय म्हणाले, नळ आहे. असेल नळ. मला काय करायचंय?

पण एक दिवस जाता जाता, सहज, दोन्ही हात काचेला लावून, मी गाडीच्या आत बघितलं. क्लिफर्ड सहा फुटी माणूस. त्यांची सीट कायम मागे, पार मागे. ती आता चाकाला चिकटेल इतकी पुढे ओढलेली, वर उशी. मी विचार करत राहिले, मेल्यावर माणूस आखडतो का? कुणाला विचारायचं हे? चर्चच्या व्हिकरला? व्हिकर आधीच मला बघून रस्ता ओलांडतो.

आणि गाडी जाते कधी ते मला दिसत का नाही? दिवसभर खिडकीत कोण असतं? मीच ना? मग लक्षात आलं. गुरुवारी मी नसते. गुरुवारी दहाला पॉलीनकडे केस, मग बाजार, मग रॉयच्या आईकडे, तीनला घरी. चौतीस वर्षं हाच क्रम. म्हणजे जो कोणी जातो, जिवंत की मेलेला, त्याला माझा गुरुवार पाठ होता.

पुढच्या गुरुवारी मी पॉलीनला आजारी आहे म्हणून कळवलं आणि साडेनऊच्या बसनं समुद्रावर गेले. ते पार्किंग तुम्ही बघायला पाहिजे. एका फर्निचरच्या दुकानाचं होतं, ते दुकान सात वर्षांपूर्वी बंद पडलं. काचांना आतून कागद, पाटीची अर्धी अक्षरं गळालेली, कुत्रं फिरत नाही. फक्त खांबावरचा कॅमेरा जिवंत. मी खाली उभी राहिले तर तो माझ्याकडे वळला असं वाटलं. धुकं इतकं, की समुद्राचा आवाज येतोय पण समुद्र नाही. मी तिकिटाच्या बंद खोक्यामागे लपले. पर्स छातीशी.

दहा वाजून दोन मिनिटं. धुक्यातून दोन पिवळे दिवे. मागोमाग निळी गाडी, पण किती हळू… प्रेताच्या गाडीनं लाजावं इतकी हळू. काचेआड टोपी. टोपीखाली तोंड नाही. शेजारी ते पांढरं, ताठ बसलेलं. गाडी माझ्यासमोरून गेली आणि समुद्राकडे तोंड करून थांबली. इंजिन बंद. मग काहीच नाही. कुणी उतरेना.

खोटं कशाला बोलू, परतीच्या बसचा विचार आला. पण मी म्हटलं, ग्लेनिस, साठ सँडविचं केलीस तू या माणसासाठी, तो तुला काय करणार? गेले आणि काचेवर टकटक केलं. काच हळूहळू खाली आली.

"आज केस नाही का करायचे?" म्यूरियलबाई म्हणाल्या.

टोपी क्लिफर्डची, खाली सरकून भुवयांवर आलेली, आणि भुवयांखालचं सगळं चाकाआड. पुढे लाल 'एल'ची पाटी, गल्लीच्या टोकाला गेल्यावर लावतात, येताना काढतात. आणि शेजारच्या सीटवर पांढरी चिनीमातीची बरणी, झाकणाची, पट्टा बांधून. बरणीत कोण, ते काय सांगायला हवं? अंत्यविधीच्या वेळी मीच तर म्हटलं होतं, छान बरणी निवडलीत.

"अहो पण म्यूरियल, परवाना?"

"आहे की. शिकाऊ. क्लिफर्डच शिकवत होते मला इथे, दर गुरुवारी. कुणाला सांगू नको म्हणाले, पास झाल्यावर सगळ्यांचे डोळे पांढरे करू." मग बाई ताठ झाल्या. "आणि मी नियम मोडलेला नाही हं. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानेवाला बसलेला लागतो. क्लिफर्डच्या परवान्याची मुदत अजून दोन वर्षं आहे." आणि खणातून काढून दाखवला. नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला.

मी परवाना वाचला. मुदत होती.

"मग दोन तासांत निघत का नाही तुम्ही? दंड तरी टळेल."

त्यांनी समोरची काच हातानं पुसली, जिथे समुद्र असायला हवा होता तिकडची. "सगळं शिकवलं त्यांनी. रिव्हर्स पुढच्या गुरुवारी म्हणाले होते." मग टोपी सरळ केली. "दोन वाजता आइस्क्रीमवाला नॉर्मन गाडा उघडायला येतो. तो मागे काढून देतो. तोवर बसतो आम्ही."

आम्ही.

"ग्लेनिस," त्यांनी माझा हात धरला, "चालक कोण ते सांगू नकोस गं. इयनला कळलं तर गाडी विकून टाकेल, मुलगा आहे, काळजीनंच विकेल. मग माझा गुरुवार जाईल."

तर पॉलीनच्या दुकानातल्या त्या बाईला सापडले तर मी वाक्य पूर्ण करून देईन. क्लिफर्ड हॅलम दर गुरुवारी येतो, हे खरं. गाडी तीच, टोपी तीच, हेही खरं. फक्त चालवत तो नाही.

मी रॉयना एवढंच म्हटलं, आणखी एक अपील लिहा, 'चालक' चाळीस वेळा घाला. त्यांनी वरच्या निवाडेवाल्यांकडे पाठवलं आणि मान्य झालं: "प्रिय श्री. हॅलम (मयत), आपलं म्हणणं पटलं. हे पत्र जपून ठेवावं." रॉय आठवडाभर छाती काढून फिरले. जिंकवलं कुणाला ते त्यांना अजून माहीत नाही.

आणि आता गुरुवारी मीही जाते. परवाना माझ्याकडे आहे, कालपरवाचा नाही, चांगला जुना. रिव्हर्स मी काढून देते, दोन तासांच्या आत. केस आता मंगळवारी. तुम्हाला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. पण दंड थांबले तशी पत्रंही थांबली, आणि म्यूरियलबाई रोज सकाळी दारातल्या टपालापाशी वाकून बघायच्या आणि तशाच सरळ व्हायच्या. गॅसवाले, बँक, सगळ्यांनी क्लिफर्डचं नाव खोडलं होतं. प्रिय श्री. हॅलम म्हणणारं एवढंच एक दार उरलं होतं. परवा पावणेदोन तास झाले, मी पर्स उचलली, तर बाई हलकेच म्हणाल्या, "अजून थोडं बसू या का?" मी पर्स खाली ठेवली. पत्र येईल आठवड्यात. रॉय खूश होतील.

एकच गोष्ट राहिली. त्या गाडीत शेजारच्या सीटवर माणूस पट्टा न लावता बसला, की घंटी वाजते. बरणी ठेवली की वाजते. म्यूरियलबाई म्हणतात, "हो हो, लावते," आणि पट्टा लावतात, मग थांबते. आता बरणी भरून तीन किलो. मी एकदा त्या बाहेर उभ्या असताना बरणी मांडीवर घेतली आणि त्या सीटवर माझी बाजाराची पिशवी ठेवून बघितली, बटाटे, पीठ, सहा किलो तरी असेल. नाही वाजली. काढली, पुन्हा ठेवली. नाही वाजली. बरणी जागेवर ठेवली… वाजली.

मी पट्टा लावला, "सॉरी, क्लिफर्ड" म्हटलं, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढची भरलेली असते. मला काय करायचंय?