टाकीचं विरजण

तुम्ही हसाल, पण मी आठ दिवस ड्रमभर गाळ लेकरासारखा सांभाळला आहे. गावाचं सांडपाणी आमच्या टाकीत साफ होऊन तलावात जातं, आणि माझ्या म्हशी त्याच तलावावर पितात. टाकीवरचा नवा इंजिनीअर म्हणाला, "आजी, उद्या साहेब येणार. गाळ उपसून टाकी ब्लीचिंगनं धुतो."

"बाबू, त्या गाळातले जंतूच घाण खातात. त्यायले मारशील तर पाणी साफ कोण करन? तू?"

"आजी, तुम्ही किती शिकल्या?"

"चौथी. पण वाचाचं सोडलं नाही."

तो हसला. त्यानं उपसलेल्या गाळाचा एक ड्रम मी भरून घरी आणला. जंतूंना हवा लागते, म्हणून घटकाघटकेला उठून काठीनं ढवळायची, पेज पाजायची. सून नाकाला पदर लावून म्हणे, "आई, नातवाले तरी इतकं जपलं का तुम्ही?"

आठव्या दिवशी तलावात मासे उलटे तरंगले आणि इंजिनीअर माझ्या दारात आला. "आजी, थोडा गाळ द्या."

"ने, टाकीले विरजण लाव. पण विरजणाची वाटी रिकामी वापस करत नाहीत, ध्यानात ठेव."

ड्रम गेल्यावर सुनेनं अंगण तीनदा धुतलं. महिन्याभरानं तो इंजिनीअर पोरगा हजर! "आजी, पाणी सुधारलं," म्हणत त्यानं ड्रम उतरवला. ताज्या गाळानं काठोकाठ भरलेला.

सून आत गेली आणि काठी आणून माझ्या हातात दिली.