खंडेरावाला बसायचं होतं

नाही, पण मी काय म्हणतो, प्यायची असेल तर आपल्या नाशकात डोळे मिटून चाललं तरी माणूस बरोब्बर काउंटरला जाऊन धडकतो, आणि सोडायची म्हटली की पत्ताच नाही? तुम्हाला सांगतो, आमचा खंडेराव... सातपूरला कारखान्यात लेथवर असतो, माणूस सोन्यासारखा, फक्त संध्याकाळ झाली की ते सोनं वितळायला लागायचं... तर उज्वलावहिनी पोरीला घेऊन गेल्या ना माहेरी, येवल्याला! आदळआपट नाही, काही नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही त्या दारू सोडवणाऱ्यांच्या मीटिंगला बसा. तुम्ही तिथं बसलात की मी इथं एसटीत बसते.’ झालं! बसायला खंडेराव एका पायावर तयार. पण बसायचं कुठं?

त्या मीटिंगवाल्यांना फोन लावला. पलीकडून मधाळ आवाज, ‘या ना दादा, गंगापूर रोडला शाळेच्या मागच्या हॉलमध्ये आपण रोज संध्याकाळी बसतो.’ अहो, गंगापूर रोडला दगड भिरकावला तर शाळेला नाहीतर क्लासलाच लागतो! कुठली शाळा? ते विचारणार, तेवढ्यात शेजारून सुपरवायझर चालला, यानं घाबरून फोन कट! आणि बोर्ड म्हणाल तर बोर्डही नसतो. म्हणजे बघा, प्यायला जायचं ते लायटिंगखालून, चारचौघांत, आणि सोडायला जायचं ते चोरासारखं!

अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, निघाला. टपरीवर नियाजभाईला हळूच विचारतो, ‘भाई, इकडं संध्याकाळी लोक बसतात, ते कुठं?’ नियाजभाई पानाला चुना लावता लावता म्हणतो, ‘भाऊ, कुठं नाही बसत ते विचारा!’ ‘तसं नाही हो, शांत जागा... मागच्या बाजूला... कुणी ओळखीचं दिसायला नको.’ ‘असं बोला ना! त्या गल्लीत जा. एसी आहे, अंधार आहे, शेंगदाणे फुकट.’ गेला की हो हा! दार ढकललं तर परमिट रूम! वेटर लगेच खुर्ची ओढून, ‘या शेठ, एकटेच? बसा!’ तोंडाला पाणी सुटलं होतं त्याच्या, पण तुम्हाला सांगतो, उलट्या पावली बाहेर आला पठ्ठ्या. त्याला बसायचंच होतं हो, पण बसायचं कुठं?

पुढं एक हॉल, बाहेर वॉचमन. आता यानं लाजच सोडली. ‘मामा, दारूची मीटिंग इथंच का?’ ‘हाय ना! वर जा. लय मोठमोठे लोक आल्यात.’

वर खुर्च्या गोल मांडलेल्या, मंद दिवे, आणि नावाचा बिल्ला लावलेल्या कुणी योगिनीताई, ‘पहिल्यांदाच ना काका? लाजायचं नाही हं! नाव सांगा, आणि या वाटेला कसे लागलात ते सांगा.’ खंडेरावाचा बांधच फुटला. ‘मी खंडेराव. पोरीच्या, वेदिकाच्या गॅदरिंगला पिऊन गेलो होतो. तिनं मैत्रिणींना सांगितलं, ते आमचे शेजारी आहेत. बाप नाही म्हणाली हो... शेजारी.’ आणि रडायला लागला. योगिनीताईंच्या तोंडातून सवयीनं आपलं रोजचं वाक्य गेलं, ‘छान... आता सगळ्यांनी ग्लास हातात घेऊ या.’

ग्लास! लालभडक! ‘हळू फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा, आणि या भांड्यात थुंका.’ थुंका?! खंडेरावाला वाटलं, हाच उपचार असणार, काट्यानं काटा काढतात! ग्लास ओठांपाशी नेला... आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘यंदाची द्राक्षं फारच सुरेख हं!’ तेव्हा कुठं उजेड पडला. वाईन टेस्टिंग! लोक हौसेनं थुंकायला जमले होते! त्यानं ग्लास खाली ठेवला. कसा ठेवला, त्याचं त्याला माहीत. ‘माफ करा, मी चुकीच्या ठिकाणी बसलो,’ म्हणाला आणि जिना उतरला.

मागून पावलं वाजली. त्यांच्यातलाच एक तरुण, स्वराज. ‘काका, थांबा... मी आजवर एकदाही थुंकलेलो नाही. ती खरी मीटिंग कुठं असते?’

पुन्हा फोन. मधाळ आवाज म्हणतो, ‘अरेरे, मीटिंग आत्ताच उठली! पण दोघं आहात ना? सोडायची ठरवून दोघं बसले, की झाली मीटिंग.’ आणि खऱ्या शाळेचा पत्ताही दिला. बसले मग दोघं चहा घेऊन एका पायरीवर. तेवढ्यात येवल्याहून वहिनींचा फोन!

‘बसलात का?’ ‘बसलो.’ ‘कुठं?’ ‘पायरीवर.’ ‘कुणाबरोबर?’ आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं ना! ‘वाईनच्या कार्यक्रमात एक मुलगा भेटला, त्याच्याबरोबर.’ वहिनी लगेच, ‘शुद्धीवर आहात का?’ ‘आहे ना गं! तोच तर त्रास आहे!’ त्या हसल्या की रडल्या, याला कळलं नाही. ‘बरं. उद्या खऱ्या ठिकाणी बसा. मग बघते.’

दुसऱ्या दिवशी गेटवर जुना दोस्त सनी उभा. ‘काय खंड्या, आज बसायचं का?’ ‘नाही रे, आज जमणार नाही. आज मला बसायचंय.’ ‘अरे, मग मी काय म्हणतोय!’ आणि गाडीवर मागं बसलासुद्धा! समजावणार कसं? खंडेरावानं कपाळाला हात लावला आणि किक मारली.

हॉल सापडला. खुर्च्या गोल. फोन लावला, ‘बसलो गं. खऱ्या ठिकाणी.’ पलीकडून कंडक्टरची घंटी वाजली. ‘मीही बसले,’ वहिनी म्हणाल्या. खंडेरावाचे डोळे भरून आले हो... आणि शेजारी सनी कानाला लागलाय, ‘खंड्या, बसून एवढा वेळ झाला, ऑर्डर घ्यायला कुणी येत कसं नाही?’