वैनीच्या खुंट्यावरच्या शेळ्या

ही गोष्ट मी कोणाला सांगितली न्हाई. बायकोला न्हाई, सोयऱ्याधायऱ्याला न्हाई, नर्सीला नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकवलं तवा बी तोंडात आली होती, गिळून टाकली. तुमी म्हणलात काका, मेंढरामागचं जिणं सांगा. मेंढरामागचं काय सांगू तुम्हाला, ते समद्या धनगराचं एकसारखंच, ऊन तेच, काठी तीच. निव्वळ माझं म्हणावं असं माझ्यापाशी एकच हाये, तेवढं लिहून घ्या. माझ्या थोरल्या भावाची बायको, सखू वैनी, तिला सरकारची निराधारची पगार होती. ती माझ्या तोंडानं बंद पडली. पडली कशाला म्हणू, मी पाडली.

आमी पुसेगावाकडचे. बाप मेंढरं राखायचा, आमी दोघं भाऊ, दादा आन् मी. दादाचं लगीन झालं, वैनी घरात आली, आन् घरातल्या जनावरांनी जणू तिलाच वळखलं. माझी माय म्हणायची, तुळशीराम, तुझ्या हाताला काटे हायेत का रं, शेळी तुझ्यापासून लांब पळती. हसत म्हणायची, पण म्हणायची समद्यांपुढं. पुढं वाटणी झाली, आमी शेजारी शेजारीच राहिलो, मधी एक बाभळीचं कुंपण. मग दादाला कावीळ झाली. दवाखान्यापायी त्याच्या वाट्याचं रान गेलं, आन् दादा बी गेला. वैनीच्या कडंवर मंगल, दीड-दोन सालाची. कोणीतरी अर्ज भरून दिला आन् तिला निराधारची पगार सुरू झाली. आमी पगारच म्हणतो तिला. रक्कम काय, मीठ-मिरची-तेलाची, ती बी दोन-दोन तीन-तीन महिन्यांनी एकदम यायची. पण ती येती एवढं ठाऊक होतं म्हणून दुकानदार उधार द्यायचा. तिचा खरा उपेग तो.

आता अर्धेलीचं सांगतो, त्याबिगर तुम्हाला पुढचं कळायचं न्हाई. ज्याला शेळी राखणं जमत न्हाई तो आपली शेळी दुसऱ्याच्या खुंट्याला नेऊन बांधतो. चारायची त्यानं, दुखलं-खुपलं पाहायचं त्यानं. पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी मालकाची, मूळ शेळी मालकाचीच राहती. कागद न्हाई, सही न्हाई. आन् एक गोष्ट गावात पक्की, सरकारी माणसापुढं अर्धेलीचं नाव काढायचं न्हाई. ज्याच्या खुंट्याला त्याची शेळी, बस. काहून, तर घरोघरी काही ना काही सवलतीचं येऊन राहिलं होतं, कोणाचं पिवळं कार्ड, कोणाचं घरकुल, आन् कोणाची किती जनावरं कोणाकडं हे उघडं पडलं तर दहा घरं अडचणीत यायची. लेकरांना बी ठाऊक असायचं, इथं तोंड उघडायचं न्हाई.

गावातल्या शेळ्या समद्या वैनीच्या खुंट्याला. मला पहिल्यांदा दिल्या होत्या लोकांनी, माझ्याकडं दोन मेल्या, एक करडू मी न सांगता बाजारात नेलं, झालं, एकेकानं आपली दावी सोडून नेली ती वैनीच्या अंगणात. मी कुंपणाच्या अलीकडून बघायचो. शेवटी माझी बायको शेवंता म्हणाली, आपल्या चार बी तिच्याकडंच द्या, तुमच्या हातानं त्या जगायच्या न्हाईत. दिल्या. आन् काय सांगू तुम्हाला, महिन्याभरानं मी माळावर माझ्याच शेळ्यांना हाक मारली, त्यांनी मान बी वर केली न्हाई. पलीकडून वैनीनं नुसतं हुर्रर केलं तर चारी पळत गेल्या. त्या दिवशी माझ्या पोटात जे बसलं ते तिथंच बसलं, समजा.

हिंगोली नवीन जिल्हा झाला, त्याच्या एक-दोन सालानंतरची गोष्ट. वैनी शेळ्या घेऊन सडकेनं येत होती. नाल्याच्या पुलापाशी वळण हाये, तिथं मागून ट्रक आला, भरलेला, आन् कळपात घुसला. वैनी वाचली, शेळ्या न्हाई वाचल्या, चार-दोन कडंच्या सोडल्या तर समद्या गेल्या. आमी धावत गेलो तर ती सडकेवर मधोमध बसलेली, एका करडाचं डोकं मांडीवर. ट्रकाच्या मागंच मालकाची जीप होती. सेठ परमुलखाचा, घाबरला, म्हणाला केस-बिस नको भाई, जो होगा देता हूँ. गंगारामच्या चहाच्या हॉटेलात बसून त्यानं दर डोक्यामागं भाव लावला, लहान-मोठं सरसकट, आन् समद्या गावासमोर नोटा मोजून वैनीच्या पदरात टाकल्या. एवढ्या नोटा एका जागी आमच्यातल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. गंगाराम मस्कऱ्या माणूस, तो म्हणाला, दुसऱ्याकडं लक्ष्मी पायी येती, आमच्या वैनीकडं ट्रकात बसून आली बघा. लोक हसले. वैनीच्या हाताचं रगत अजून वाळलं नव्हतं. मी बी हसलो, पण हसताना मनात आलं, हिलाच काहून? सडकेवर मरायला निघाली तरी हिच्याच पदरात काहून पडतं?

दिवस मावळायच्या आत ती घरोघर फिरली. ज्याची शेळी त्याचे पैसे, करडाचे निम्मे. आमच्या दारात आली, म्हणाली, भाऊजी, तुमच्या चार शेळ्या आन् दोन करडांचे निम्मे, मोजून घ्या. मी तिच्यासमोर मोजले. बरोबर होते. तरी म्हणलो, माझी एक गाभण होती. म्हणाली, भाऊजी, सेठनं सरसकट दिले, मी बी तसेच वाटून राहिले. मी म्हणलो, ते खरं, पण गाभण होती. मग तिच्या स्वतःच्या हिश्श्याची पुडकी होती, चार-पाच शेळ्यांची, त्यातली एक नोट काढली आन् माझ्या हातावर ठेवली. मी घेतली. शेवंता चुलीपाशी भाकर थापत राहिली.

उरलेल्या पैशात वैनीनं पत्रे आणले. तिचं छप्पर कापसाच्या पळाट्यांचं, दर पावसाळ्यात मायलेकी कोपऱ्यात उकिडव्या बसून राहायच्या. नवे पत्रे, बैलगाडीत घालून आणले, दोघं-तिघं गडी चढले, एका दिवसात घर झाकलं. आन् माझी सकाळ नासली. माझं दार उगवतीला न्हाई, तिच्या घराकडं हाये. ऊन त्या पत्र्यावर पडायचं आन् तिरीप सरळ माझ्या डोळ्यात. तोंड धुवायला बसलो की तिरीप, चहा प्यायला बसलो की तिरीप. मला ठाऊक होतं, तो पैसा तिच्या हिश्श्याचा, त्यातली एक नोट माझ्याकडं आलेली. पण तिरीप डोळ्यात गेली की ते समदं विसरायचो, वाटायचं ती समदी नोटांची चळत तिथं वर चढून बसली हाये. त्यात शेवंता. पाऊस आला, आमचं घर गळलं, ती भांडी मांडत म्हणाली, ज्या बाईला नवरा न्हाई ती पत्र्याखाली निवांत झोपती, माझा धनी धडधाकट हाये आन् मी रातभर पातेली सरकवती.

मग तपासणी आली. तालुक्याहून एक साहेब, बरोबर तलाठी, निराधार कोण खरं कोण खोटं ते पाहायला. चावडीपुढच्या लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. आमी दहा-बारा जण बसलो होतो. वैनी खुरपायला गेली होती. तलाठ्यानं तिचं नाव वाचलं. साहेबानं विचारलं, जिवंत हाये? व्हय. पोरगा? न्हाई, पोरगी एक, बारकी. जमीन? न्हाई. बरं, पुढचं. त्यानं खूण केली, बोट पुढच्या नावावर नेलं. झालं होतं हो. तिचं झालं होतं.

आन् मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणलो, साहेब, ते पत्रे दिसून राहिले का, चमकून राहिलेले? साहेबानं मान वर केली. कोणाचं घर ते? म्हणलो, ह्याच बाईचं. पैसे कुठले? म्हणलो, शेळ्या गेल्या ट्रकाखाली, चांगली रक्कम भेटली. शेळ्या कोणाच्या?

आता बघा, तिथं जे बसले होते त्यातल्या निम्म्यांच्या शेळ्या त्या कळपात होत्या, निम्म्यांच्या घरात वैनीनं दिलेले पैसे होते. एकानं बी माझ्याकडं पाहिलं न्हाई. समदे जमिनीकडं. गंगाराम तेवढा किटली हातात घेऊन उभा होता, तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणलो, तिच्या खुंट्यावरच्या, मंजी तिच्याच की साहेब. गावाचा कायदाच तो, मी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकत नव्हतं. साहेबानं तिच्या नावावर रेघ मारली.

पगार थांबली तशी दुकानदाराची उधारी बी थांबली. वैनीला कळंना काय झालं. मला म्हणाली, भाऊजी, तुमी चार बुकं शिकलात, मला तहसिलीला नेता का? नेलं. एसटीत शेजारी बसलो, तिकीट तिनंच काढलं. सेनगावच्या कचेरीत बाबू म्हणाला, बाई, तुमच्याकडं एवढ्या शेळ्या होत्या, रोख रक्कम भेटली, तुमी निराधार कशा? तुमच्याच गावच्या माणसानं सांगितलं. मग त्यानं जरा माया केली, म्हणाला, त्या शेळ्या दुसऱ्या कोणाच्या होत्या का? असतील तर त्यांची नावं सांगा, मी पुन्हा लिहितो, तुमचं काम होऊन जाईल.

वैनीनं माझ्याकडं पाहिलं. एक नाव सांगितलं असतं तर तिची पगार सुरू झाली असती, आन् ते नाव तिच्या शेजारी खुर्चीत बसलेलं होतं. पण माझ्या घरात पिवळं कार्ड होतं, तिला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, न्हाई साहेब, माझ्याच होत्या.

मी गप. भाऊ, मी गप बसलो.

बाहेर आलो तर तिनं मला चहा पाजला. बशीत ओतता ओतता म्हणाली, कोण असंल हो भाऊजी, गावातला? मी म्हणलो, कोण जाणे. ती म्हणाली, गंगारामच असंल, त्यालाच ट्रकातली लक्ष्मी लई सलत होती. मी न्हाई बी म्हणलं न्हाई, व्हय बी म्हणलं न्हाई. त्या दिवसापासून ती गंगारामच्या दारापुढून पदर तोंडावर घेऊन जायची. गंगारामला खरं ठाऊक होतं. लिंबाखालच्या बाकीच्यांना बी होतं, पण ते बोलले असते तर त्यांच्याच शेळ्या उघड्या पडल्या असत्या. तो मला चहा द्यायचा, पैसे घ्यायचा, एक शब्द बोलायचा न्हाई. एकदा तेवढं म्हणाला, तुळशीराम, साखर जास्ती टाकू का, तोंड कडू दिसून राहिलं. तो दोन सालामागं मेला. वैनी त्याच्या मातीला गेली न्हाई.

नव्या शेळ्या कोणी बांधल्या न्हाईत तिच्या खुंट्याला, लोकांना भेव बसलं. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली, मंगलला बरोबर घेऊन. पोरगी सातवीत होती, हुशार होती, तिची शाळा तिथंच सुटली. चार हंगाम गेल्या मायलेकी. मधल्या एका सालात वैनीला पैशाची नड पडली, ती म्हणाली, भाऊजी, पत्रे काढून टाकती, कोणी घेतं का पाहा. शेवंता म्हणाली, आपणच घेऊ, सस्त्यात भेटतील. घेतले. वर बघा, तुमी ज्याच्याखाली बसलात तेच हायेत ते. पाऊस आला की वाजतात. शेवंताला झोप लागती.

मंगलचं लगीन झालं, तिकडं नर्सीच्या बाजूला दिलं, नांदून राहिली बरी. वैनी आता थकली, तिला आता म्हाताऱ्यांची पगार सुरू झाली, ती मिळवायला मीच दहा खेटे घातले. लोक म्हणतात दीर असावा तर असा. माझ्या पोराच्या लग्नात तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आन् म्हणाली, बापाच्या गुणावर जा. मला मांडवातून उठून जावं लागलं. सकाळी आजबी ती कुंपणापाशी येती, भाऊजी, चहा झाला का म्हणती. मी व्हय म्हणतो. अजून तिच्या डोळ्याला डोळा देत न्हाई मी. आन् खरं सांगू, अजून बी एखाद्या दिवशी माळावरून तिची हुर्रर ऐकू येती, कोणाच्या तरी एका-दोन शेळ्या हायेत आता तिच्याकडं, त्या पळत जातात, आन् पोटातलं ते जुनं हलतं. मेलं न्हाई अजून.

तुमी हे छापा. ती वाचणार न्हाई, तिला अक्षर येत न्हाई, म्हणून छापल्यानं माझं काही फिटत न्हाई. तिला आन् गंगारामच्या पोरांना चावडीपुढच्या त्या लिंबाखाली बोलवून, गावादेखत सांगायचं हाये की त्या शेळ्यांत चार माझ्या होत्या, त्यांचे पैसे मी घेतले होते, आन् साहेबापुढं बोललो तो मी, गंगाराम न्हाई. एवढं देणं हाये माझ्याकडं.