सासऱ्यांसाठी बिनखर्चाची भेट

...नाही, मला सांगा, भेट द्यायची म्हणजे काय परीक्षा आहे का? वर्षअखेरच्या सुट्टीत आम्ही सगळे सासरी जमतो, दरवर्षी मी दुकानात जायचो, एक मफलर घ्यायचो, रंगीत कागदात गुंडाळायचो, विषय संपला... पण यंदा बायकोनं फर्मान काढलं. "दुकानात पाऊल टाकायचं नाही. पैसे नको, डोकं खर्च करा." आता डोकं खर्च करायला ते आधी शिल्लक तर पाहिजे ना? कुणी कुणाला भेट द्यायची याच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला आले कोण? सासरे!

आमचे सासरे म्हणजे, तुम्हाला सांगतो, निवृत्त मुख्याध्यापक. लग्न झाल्यापासून माझ्याशी थेट एक वाक्य बोललेले नाहीत. भांडण नाही हं, काही नाही, पण मी समोर बसलेलो असताना बायकोला म्हणणार, "त्यांना विचार, चहा घेणार का." ती मला विचारणार, "चहा घेणार का?" मी म्हणणार, "घेईन." ती वळून सांगणार, "घेतील म्हणतात." अहो, चहा येईपर्यंत इच्छा मरते! तर मला एवढंच हवं होतं, या माणसानं माझ्याकडे बघून एक वाक्य बोलावं. कुठलंही. "बाहेर गार आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

साडूंना विचारलं, तुम्ही काय देताय? तर म्हणाले, "मी सासूबाईंची गाडी वर्षभर धुऊन देणार." म्हटलं, त्यांच्याकडे गाडी कुठाय? "म्हणूनच तर!" डोकं खर्च करा म्हणे! या माणसानं तेसुद्धा वाचवलं.

बायको सुचवत होती, पत्र लिहा, जुने फोटो चिकटवून द्या, खिडकीत रोप लावा... पत्र? मुख्याध्यापकाला? लाल पेनानं तपासून परत आलं असतं. आणि रोपाचं म्हणाल तर माझ्या हातून निवडुंगसुद्धा वाळलाय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठं काय करकरतंय ते कान लावून ऐकायचं, हे माझं काम. आणि सासरच्या घरात सगळंच करकरतं हो! फाटक, आरामखुर्ची, झोपायच्या खोलीचं दार... स्वयंपाकघरातलं कपाट तर असं किंचाळतं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पेटली ट्यूब! भेटींच्या आधीच्या रविवारी सासरी जेवायला गेलो होतो, दुपारी सगळे आडवे झाल्यावर तेल घेऊन चवड्यांवर फिरलो. एकही बिजागरी सोडली नाही. कपाटाच्या तर खोलल्या, पुसल्या, ग्रीस भरून बसवल्या. दार उघडलं... आणि काही नाही. शांतता. डोळे भरून आले माझे, खोटं नाही सांगत.

त्यानंतर आठवडाभर सासरे काय खुशीत! बायको फोन ठेवून सांगायची, "बाबा शीळ घालताहेत." म्हटलं, शांततेचा परिणाम.

झालं, भेटींचा दिवस आला. सगळे गोल बसले. बायको म्हणाली, "प्रत्येकानं उभं राहून आपली भेट सांगायची." मी उभा राहिलो. "बाबा, या घरातली सगळी करकर मी बंद केलीय. खास करून स्वयंपाकघरातलं कपाट. कधीही उघडा, कुणाला पत्ता लागणार नाही."

सासूबाईंचा कप हातातच थांबला. "कपाट?" उठल्या, आत गेल्या. दार उघडलं, आवाज नाही. बिस्किटांचा डबा काढून हलवला... त्याचाही आवाज नाही.

"अहो, डॉक्टरांनी यांचं गोड बंद केलंय! पाहुणे आल्याशिवाय मी ते कपाट उघडत नाही; यांनी उघडलं की मला बाहेरच्या खोलीत कळायचं, म्हणून तर मी कुणाला तेल घालू देत नव्हते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोकं खर्च करा म्हणे! केलं ना... संपलं.

तेवढ्यात सासरे उठले. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बायको सवयीनं मध्ये आली, "बाबा, काय सांगू त्यांना?" त्यांनी तिला हातानं बाजूला केलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि बोलले.

"जावईबापू, सगळ्या घराला गप्प केलंत. स्वतः तेवढे गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

...थेट माझ्याशी. मागितलं होतं एक वाक्य, मिळाली दोन. आता तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?